जुनं पुस्तक छापील प्रतीशी ताडताना: छापलंय तसंच ठेवायचं की सुधारायचं?

दौत_टाक
नमस्कार मंडळी. सध्या विकिस्रोतावर (जुनी पुस्तकं टंकून मुक्तपणे ठेवणारं विकिपीडियाचं भावंड) एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकाचं मुद्रितशोधन करते आहे. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी: डावीकडे यंत्राने ओळखलेला मजकूर असतो, उजवीकडे छापील पानाचं चित्र. चित्र बघायचं, मजकूर दुरुस्त करायचा, जतन करायचं. वाटतं तितकं सोपं नाही.

पुस्तक १९१०च्या दशकातलं आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या हक्कांबद्दल एक शंका आहे (खाली येतेच). पहिली डोकेदुखी मापांची. छापील पानावर 'तूप २॥ शेर' असतं, म्हणजे अडीच शेर. यंत्र ते कधी 'तूप २११ शेर' वाचतं, कधी दोन दंड गिळून नुसतं 'तूप २ शेर' ठेवतं. दोनशे अकरा शेर दिसले तर माणूस दचकतो तरी. 'दोन शेर' दिसलं की नजर सरळ पुढे जाते.

दुसरी अडचण जास्त छळते. काही ठिकाणी पुस्तकच चुकलंय. साहित्याच्या यादीत साखर '१। शेर' आणि खाली कृतीत 'दीड शेर साखरेचा पाक'. सव्वा की दीड? माझ्या सासूबाईंच्या कपाटात याच पुस्तकाची चौथी आवृत्ती निघाली. तीत दोन्हीकडे दीड आहे. पण त्या आवृत्तीत निम्मे अनुस्वार गेलेत, काही कृती नव्या आहेत आणि मुखपृष्ठावर 'सुधारून वाढविलेली' असं छापलंय.

तर प्रश्न असा: स्कॅन पहिल्या आवृत्तीचं, हातात चौथी, आणि डोक्यात आजचं शुद्धलेखन. ताडायचं कशाशी? 'नाहीं', 'कांहीं', 'घालावें' सगळं तसंच ठेवायचं का? आणि उघड चूक दिसली तर ती पण?

कोपऱ्यातला_वाचक
वाचतोय. पाकात सव्वा की दीड ते ठरल्यावर कळवा, दिवाळी जवळ आली आहे.

गॅलीप्रूफ
दौत_टाक, तुमचा धागा वाचून बरं वाटलं. माझी उमेदीची वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून गेली, एकेका अक्षराचा खिळा जुळवून छापायच्या जमान्यात. त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, अर्थ लावत वाचलंत तर चूक दिसणार नाही. डोळा अर्धा शब्द बघतो आणि उरलेला मनाने भरतो. म्हणून आमच्याकडे जोडीने वाचायचे. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचणार, स्वल्पविराम, टिंब, काना, वेलांटी सगळं उच्चारून, आणि दुसरा गॅलीवर (कच्च्या छापावर) पेन्सिल धरून बसणार. 'घालावें, व ला एक मात्रा वर टिंब, पूर्णविराम.' ऐकणाऱ्याला वेड लागायची पाळी यायची, पण चुका सापडायच्या. तुम्ही एकट्याच असाल तर ओळीखाली पट्टी धरा. पडद्यावर पट्टी चालत नसेल तर चित्र इतकं मोठं करा की एका वेळी दोनतीनच ओळी दिसतील. आकडे मात्र वेगळ्या फेरीत तपासा, मजकुराबरोबर नाही. त्या फेरीत फक्त आकडे आणि मापं बघायची, बाकी वाचायचंच नाही.

दुसरी, पुस्तकात दिसतं ते सगळं लेखिकेचं नसतं. आमच्या केसमध्ये (खिळ्यांच्या पेटीत) काना-मात्रा-जोडाक्षरांचे मिळून ढीगभर प्रकारचे खिळे. एखादा खिळा संपला की जुळारी शेजारचा घेऊन वेळ भागवायचा. 'ें'चा खिळा संपला की पुढची दोन पानं नुसता 'े'. त्यामुळे एकाच पुस्तकात 'घालावें' आणि 'घालावे' दोन्ही दिसले तर त्यात लेखिकेचं व्याकरणाचं मत शोधू नका. पण ते एकसारखं करायलाही जाऊ नका. जसं आहे तसं उतरवा.

खमंग_काकडी
यंत्राच्या चुकांवर वेगळा धागा काढायला हवा. मी एका जुन्या मासिकातली पाककृती उतरवून घेतली होती, त्यात 'मरली वांगी' होती. भ चा म. पुढच्या पानावर 'मेथीची माजी'. कोणत्या खात्याची माजी ते दिलं नव्हतं.

शुद्धमती
@खमंग_काकडी, हसून हसून पुरेवाट!
भ/म, घ/ध, ष/प, थ/य ही नेहमीची टोळी. त्यात जुन्या टायपातला 'ख' म्हणजे 'र' आणि 'व' शेजारी शेजारी, यंत्राला 'रव'च दिसतो. 'खवा' कितीदा 'रववा' होऊन आला विचारू नका. 'दऱ्या'चं 'दर्या' आणि 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' हे आणखी वेगळं दुखणं. ळ चा ल पण फार होतो, 'तीळ' चे 'तील' दिसले की समजायचं.

या चुकांची गंमत वाटते कारण त्या दिसतात. 'रववा' कुणालाही खटकेल. पण 'घार' आणि 'धार', 'वाट' आणि 'बाट', 'भात' आणि 'मात' हे सगळेच खरे शब्द. शब्दतपासनीस त्यांच्याखाली लाल रेघ ओढणार नाही. तिथे छापील पानच बघायला लागतं.

आणि 'शोधा आणि बदला' वापरून सगळे 'धर' एका झटक्यात 'घर' करणारे महाभाग आहेत. मग पुस्तकभर घरण, घरणी आणि घर्म सापडतात. ते निस्तरायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो.

सरळसोट
थोडं वेगळं मत मांडतो, चपला दाराबाहेर काढूनच आलोय.
हे सगळं कुणासाठी करताय? आजच्या वाचकासाठी ना? आजच्या पोराला 'तिनें तें कांहीं घेतलें नाहीं' वाचायला दिलं तर तो पहिल्या परिच्छेदात पळेल. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी गेले, तेव्हा साहित्य महामंडळाने विचार करूनच ते काढले असतील. एवीतेवी टंकताय तर आजच्या नियमांनी टंका. मूळ ज्यांना बघायचंय त्यांना स्कॅन आहेच की. स्कॅनची हुबेहूब नक्कल टंकण्यात इतके तास घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. आणि पुस्तक पाककृतींचं आहे, ऋग्वेद नाही.

अनुनासिक
@सरळसोट, चपला आत घ्या, पाऊस आहे.
'अनुच्चारित' हा शब्द पुण्यामुंबईकडे बसून ठरलेला आहे. आमच्या सिंधुदुर्गात 'ह्यां काय केलां?' म्हणताना ते टिंब अजून नाकातून येतं. ते छापलेलं बघितलं की मला माझ्या आजीचा आवाज ऐकू येतो, तुम्हाला फक्त शाईचा डाग दिसत असेल.

भावना बाजूला ठेवू. व्याकरण बघा. 'ती' म्हणजे एक बाई, 'तीं' म्हणजे अनेक नपुंसकलिंगी वस्तू. 'तीं पानें', 'तीं फळें'. 'पुढें तीं तळावीं' या वाक्यात एक पुरी तळायची की भजीं तळायची हे त्या टिंबांवरून कळतं. तुम्ही टिंबं उडवलीत की काय तळायचं ते वाचकाने अंदाजाने शोधायचं. पाककृतीतच याची गरज जास्त.

आणि एकदा उडवलेलं टिंब परत बसवता येत नाही. टिंब असलेल्या मजकुरातून बिनटिंबाची वाचनप्रत यंत्राने मिनिटात निघते. उलट निघत नाही. म्हणून आधी टिंबासकट उतरवा, मग पाहिजे तेवढ्या सोप्या प्रती काढा.

सरळसोट
शेवटचा मुद्दा पटला. पहिल्याबद्दल विचार करतो. भजीं तळायला घेतलीत का पण?

खिडकी_डावी
मी विकिस्रोतावर बऱ्यापैकी जुनी आहे, तिथली पद्धत सांगते.

पानाला रंग असतात. यंत्राचा मजकूर नुसता टाकलेला असतो ते लाल. एका माणसाने स्कॅनशी ताडलं की पिवळं. दुसऱ्या माणसाने पुन्हा ताडलं की हिरवं, म्हणजे प्रमाणित. पिवळं केलेलं पान त्याच माणसाला हिरवं करता येत नाही, प्रणालीच तो पर्याय दाखवत नाही. कोरं पान करडं, आणि ज्या पानात काही भानगड आहे ते वेगळ्या रंगाचं. तुमचं सव्वा-दीडचं पान म्हणजे भानगड नव्हे. स्कॅनवर '१।' स्वच्छ दिसतंय ना? मग '१।'च लिहायचं. भानगड म्हणजे पान फाटलंय, स्कॅन करणाऱ्याचा अंगठा मजकुरावर आलाय, किंवा दोन पानं चिकटून गायब झालीत.

इंग्रजीत हेच काम 'डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स'वर २००० सालापासून चालू आहे. तिथे तर तपासणीच्या फेऱ्यांवर फेऱ्या, आणि पुढच्या फेरीत बसायला आधीच्या फेरीतलं काम दाखवावं लागतं. आपल्याकडे मनुष्यबळ नाही, दुसरा डोळा मिळाला तरी नशीब. मराठीत पिवळ्या पानांचे ढीग आहेत, हिरवी कमी.

उघड मुद्रणदोषासाठी साचा आहे. मजकूर छापलाय तसा राहतो आणि त्यावर कर्सर नेला की दुरुस्त रूप दिसतं. पण ते फक्त 'सारखर'चं 'साखर' असल्या दोषांना. सव्वाचं दीड करणं हा दोष दुरुस्त करणं नाही, तो आपला अंदाज आहे. त्यासाठी चर्चापानावर टीप लिहा: यादीत असं, कृतीत तसं, चौथ्या आवृत्तीत दोन्हीकडे दीड. बस.

गॅलीप्रूफ
पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र आहे का बघितलंत का? त्या काळच्या पुस्तकांत हमखास असायचं. 'पृष्ठ ४१, ओळ ७, अशुद्ध सव्वा, शुद्ध दीड.' असं सापडलं तर सगळा वादच संपला.

दौत_टाक
शुद्धिपत्र आहे! पण त्यात साखर नाही. विड्याच्या पानांचा एक आकडा आणि काही ऱ्हस्वदीर्घ आहेत. यावरून आणखी एक शंका: शुद्धिपत्रातल्या दुरुस्त्या आत मजकुरात करायच्या का?

खिडकी_डावी
नाही. शुद्धिपत्रही पुस्तकाचंच पान आहे, तेही उतरवायचं. आत साचा लावून ठेवा.

गॅलीप्रूफ
इथे माझं मत वेगळं. शुद्धिपत्र ही लेखिकेची स्वतःची इच्छा आहे. छापून झाल्यावर फर्मे (जुळवलेली पानं) परत मशीनवर चढवणं परवडत नव्हतं म्हणून ते मागे लावलं गेलं. पुढच्या आवृत्तीत तिने ते आत घेतलंच असतं. आपण खिळ्यांचे गुलाम नाही, मग दुरुस्ती आत का नको?

खिडकी_डावी
कारण मग आत केलेली दुरुस्ती शुद्धिपत्रातली होती की तुमच्या मनातली, हे पाच वर्षांनी कोण सांगणार? साच्यात दोन्ही दिसतं. दादा, तुमच्या मताचा आदर आहे, पण हे पान माझ्यासमोर हिरवं करायला आलं तर मी थांबवेन.

गॅलीप्रूफ
थांबवा. दुसरा डोळा त्यासाठीच असतो.

ओवीकर
या वादाला आपल्याकडे चारशे वर्षांची परंपरा आहे, म्हणून आगाऊपणा करतो. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतराने आणि नकलांनी पाठभेद शिरले होते, ते काढून शुद्ध प्रत केली असं त्यांनी स्वतः ओव्यांत नोंदवलंय. आणि पुढे सज्जड दम दिलाय, की ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. प्रत्येक मुद्रितशोधकाच्या टेबलावर ही ओवी चिकटवायला हवी.

सरळसोट
@ओवीकर, पण मग नाथांनी बदल केलेच की! तुमचं उदाहरण माझ्या बाजूने जातंय. शुद्ध केली म्हणजे काहीतरी काढलं, काहीतरी ठेवलं.

ओवीकर
केलेच. म्हणूनच तर इतिहासकार राजवाड्यांना नाथांच्या आधीची म्हणून त्यांनी मानलेली एक पोथी सापडली, तेव्हा त्यांनी ती १९०९ साली वेगळी छापली. लोक दोन्ही प्रती समोर ठेवून अजून भांडतात. भांडता येतं, कारण कुणी एकाने दोन्हींची खिचडी करून तिसरीच प्रत पुढे ठेवली नाही. नाथांनी आपण काय केलं ते साल-संवत्सरासकट सांगितलं, हेही विसरू नका.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीतून गेलेल्या माणसाने नंतर लिहून काढलेली हकिकत. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी ती छापली, पण बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी ती १९६६ साली छापली. मधली जवळपास साठ वर्षं लोक वैद्यांनी सुधारलेले भटजीच वाचत होते. आता समजा कुणी १९०७ च्या प्रतीचं स्कॅन चढवलं आणि ताडताना पोतदारांची प्रत बघून 'दुरुस्त' करत गेलं, तर काय तयार होईल? ना वैद्य, ना भटजी.

कोपऱ्यातला_वाचक
दंडवत. वाचनखूण साठवली.

मांडवीकाठ
गोव्यातून एक भर. तुमच्याकडे निदान ताडायला छापील प्रत आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं, मराठी ओव्या पण रोमन लिपीत. सतराव्या शतकात आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या काळच्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. हातानं केलेल्या नकला उरल्या. १९०७ मध्ये मंगळूरला साल्डान्हांनी ते पुन्हा रोमनमध्ये छापलं, आणि देवनागरीतली एक पोथी लंडनला मार्सडेनच्या संग्रहात आहे. आता याचं कुणी डिजिटायझेशन केलं तर 'छापील प्रतीशी ताडलं' म्हणताना नक्की कोणती छापील प्रत? रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न वेगळे दाखवण्याच्या तेव्हाच्या युक्त्या आणखी वेगळ्या. देवनागरीत आणताना प्रत्येक अक्षरावर निर्णय घ्यावा लागतो.

१५५६ ला भारतातला पहिला छापखाना आमच्याकडे आला आणि सगळ्यात जुनी छापील मराठी आमच्याच हातून निसटली. असो.

थेम्सकाठ
@मांडवीकाठ, ती पोथी इथे लंडन विद्यापीठाच्या सोआसमध्ये आहे.

@दौत_टाक, तुमच्या पहिल्या आवृत्तीच्या स्कॅनमध्ये पानं गहाळ असतील तर एक वाट सुचवते. १८६७ च्या २५ व्या कायद्यामुळे मुंबई इलाख्यात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद सरकारकडे व्हायची आणि दर तिमाहीला त्या पुस्तकांची यादी निघायची. यादीत कोणती आवृत्ती, पानं किती, प्रती किती छापल्या, किंमत किती, छापखाना कोणता हे सगळं असतं. निवडक पुस्तकं इंडिया ऑफिसकडे यायची, ती आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तुमच्या स्कॅनची पानं त्या यादीतल्या आकड्याशी जुळवून बघा. कित्येक स्कॅनमध्ये पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठ आणि आत दुसऱ्याच आवृत्तीचा मजकूर असतो, कारण ग्रंथालयाने बांधणी करताना दोन तुटक्या प्रती जोडलेल्या असतात. आधी तुमचं स्कॅन एकाच प्रतीचं आहे ना ते बघा, टिंबं नंतर.

महाराष्ट्रातच शोधायचं तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, मुंबईचं १८९८ पासूनचं. तिथे विचारा आधी.

शॉर्टकट
इतकं सगळं करण्यापेक्षा स्कॅन एआयला द्या ना. मी मागच्या आठवड्यात एक पान देऊन बघितलं, एकदम स्वच्छ मजकूर आला. एकही चूक नव्हती.

खिडकी_डावी
एकही चूक नव्हती, की एकही चूक दिसली नाही? पानाशी अक्षर न अक्षर ताडलंत का?
मीही दिलं होतं. जुना ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं यंत्र) 'रववा' लिहायचा, म्हणजे निदान आपलं अज्ञान कबूल करायचा. हा नवा गडी 'खवा' लिहितो, ठीक. पण 'घालावें'चं 'घालावे' करतो, 'कांहीं'चं 'काही' करतो आणि सांगत नाही. कसरीने खाल्लेल्या भोकाच्या जागी छानसं वाक्य बसवून देतो, जे त्या पानावर कधी नव्हतंच. वाक्य इतकं सरळ असतं की ताडणाऱ्याला शंका येत नाही. पहिला खर्डा म्हणून घ्या, हरकत नाही. पण तो ताडायला जास्त सावध माणूस लागतो, कमी नाही.

शॉर्टकट
ओके. नाही ताडलं. ताडून सांगतो.

अनुनासिक
अवांतर: किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक कुणी ताडलेत का? त्यात सावरकरांची सुधारलेली लिपी आहे, 'इ' ऐवजी 'अि', 'ए' ऐवजी 'अे'. यंत्र काय करत असेल कोण जाणे.

शुद्धमती
ताडलेत थोडे. यंत्र 'अि'ला कधी 'अ', कधी 'आ', कधी 'इ' करतं. 'इ' केलं की बघणाऱ्याला बरोबरच वाटतं! तिथे मुद्दाम चुकीचं दिसणारं अक्षर परत बसवावं लागतं. सरळसोटना ते काम देऊ नका, हृदयविकार होईल.

कलम_बावीस
उशिरा आलो. मूळ धाग्यात हक्कांची शंका होती, ती मागेच राहिली.

भारतात छापील साहित्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ च्या १ जानेवारीपासून मुक्त. दौत_टाक, तुमच्या लेखिका कधी गेल्या ते बघा. पण खरी गोम चौथ्या आवृत्तीत आहे. 'सुधारून वाढविलेली' म्हणजे कुणी सुधारली? लेखिकेनेच, की नंतर दुसऱ्या कुणी? दुसऱ्याने सुधारली असेल तर त्या भरीवरचा हक्क त्या दुसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूपासून मोजायचा. नंतरच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा, चित्रं, सगळ्यांचं असंच. मूळ लेखक मुक्त म्हणून अख्खी नवी आवृत्ती मुक्त, असं नसतं.

दौत_टाक
कलम_बावीस, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. मूळ लेखिका १९३०च्या दशकात गेल्या. चौथी आवृत्ती त्यांच्या सुनेने सुधारली, प्रस्तावनेत तसं लिहिलंय. सून १९७०च्या दशकापर्यंत होत्या.

कलम_बावीस
मग चौथीतलं नवं काहीही घेऊ नका. नव्या कृती तर नाहीतच. पहिल्या आवृत्तीत एखादं अक्षर पुसट असेल आणि चौथीत तो शब्द वाचता येत असेल, तर खात्री करायला बघणं वेगळं. पण तिथला मजकूर उचलायचा नाही.

सरळसोट
म्हणजे सुनेने सासूची साखर वाढवली! सव्वाची दीड. आणि आपण इथे छापखान्याला दोष देतोय.

खमंग_काकडी
किंवा सासूने यादी लिहिली आणि कृती सुनेने सांगितली. घरोघरी हेच.

गॅलीप्रूफ
किंवा जुळाऱ्याला '१॥'चा दुसरा दंड मिळाला नाही. तिन्ही शक्य आहे, म्हणून तर '१।' ठेवायचं.

दौत_टाक
ठरलं मग. पहिल्या आवृत्तीचं स्कॅन हाच एक आधार. टिंबं तशीच. शुद्धिपत्राला साचा. सव्वा-दीड चर्चापानावर, पण चौथ्या आवृत्तीतला मजकूर न उतरवता नुसता उल्लेख. थेम्सकाठ, तिमाही यादी मिळाली तर पानांचा आकडा जुळवते. मध्ये एका ठिकाणी पानांवरचे क्रमांक उडी मारतात, त्यामुळे तुमची शंका खरी निघू शकते.

एकच राहिलं. पाव, अर्धा, पाऊणच्या खुणा टंकायच्या कशा? मी सध्या दंडच वापरते आहे. '२॥।' लिहिलं की वाचणाऱ्याला पावणेतीन कळेल का?

शुद्धमती
युनिकोडमध्ये या अपूर्णांकांना स्वतःच्या जागा आहेत, पाव, अर्धा, पाऊण, शिवाय सोळाव्या भागाच्याही. २००९ पासून. पण बहुतेक मराठी फाँटमध्ये ती चिन्हं नाहीत, वाचकाला नुसते चौकोन दिसतील. तांत्रिकदृष्ट्या तेच बरोबर, व्यवहारात दंड.

खिडकी_डावी
दंड वापरा, पण अख्ख्या पुस्तकात एकाच पद्धतीने, आणि अनुक्रमणिकेच्या चर्चापानावर नोंद करून ठेवा. नंतर फाँट आले तर यंत्राने बदलता येईल. '॥' हे जोडदंडाचं एकच चिन्ह वापरा, दोन सुटे दंड नकोत, नाहीतर शोध घेताना अर्धे सापडणारच नाहीत. आणि पहिल्या काही पानांवर तळटीप द्या की '२॥।' म्हणजे पावणेतीन, पावणेदोन नाही. आजच्या पिढीत अर्धे लोक इथे गडबडतील.

अनुनासिक
शेर-नवटाकांची पण द्या. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग हे आता आमच्या गावातही फक्त दारूच्या संदर्भात माहीत आहे.

सरळसोट
दौत_टाक, तुमची किती पानं पिवळी झालीत? दुसरा डोळा लागणार ना. दुवा द्या, गोडाच्या पदार्थांचं प्रकरण मी घेतो. टिंबं ठेवेन, शब्द देतो.

दौत_टाक
व्यक्तिगत निरोप केलाय. गोडाचं प्रकरण शुद्धमतींनी आधीच मागितलं, तुम्हाला लोणची आणि मुरांबे. तिथे मापं कमी आहेत, पण 'मीठ' सगळीकडे 'भीठ' आलंय.

सरळसोट
चालेल. आजच सुरू करतो.

शॉर्टकट
ते एआयवालं पान ताडलं. बावीस टिंबं आणि एक अख्खी ओळ गायब. मलाही एखादं प्रकरण द्या.